उन्हाळी गाणी सात इंची तबकडीवर काढताना: घुमट, 'च' आणि साडेतीन मिनिटं

डिचोलीकडच्या एका जोडीने विचारलं आहे. ती गाते आणि गिटार वाजवते, तो घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला चामडं लावून केलेलं गोव्याचं तालवाद्य, वाजवतो. दोघांनी उन्हाळ्यावर दोन गाणी बांधली आहेत, एक मराठीत आणि एक कोंकणीत. ठेका शिगम्याचा, म्हणजे गोव्यातल्या फाल्गुनी सणाचा, चाल हलकीफुलकी पॉपची. कोंकणी गाण्याचं पालुपद सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरच्या बायांकडून शिकलेलं आहे. मिक्स झालंय. सात इंची व्हायनिल सिंगलच्या फक्त ३०० प्रती काढून पुढच्या एप्रिलमध्ये लोकांच्या हातात द्यायच्या आहेत. कुठे छापायचं, काय सांभाळायचं, एका बाजूला स्वतःच्या गाण्याऐवजी एखादं जुनं गाजलेलं गाणं घेतलं तर चालेल का, आणि मुळात या खटाटोपात अर्थ आहे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अर्थ आहे. मी गोव्यात सव्वीस वर्षं ध्वनिमुद्रण करतोय, त्यातली गेली काही वर्षं तबकडीसाठी मास्टरही, म्हणजे कापायला पाठवायचं अंतिम ध्वनिमुद्रण, तयार करतोय, आणि उन्हाळी गाण्याला पंचेचाळीसची, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची, तबकडी जितकी शोभते तितकं दुसरं काही शोभत नाही असं माझं मत आहे. छोटं गाणं, हातात धरायची छोटी वस्तू, संपलं की उठून पुन्हा सुई ठेवायची. पण तुमचं "मिक्स झालंय, आता फक्त छापायचंय" हे वाक्य मला पटत नाही. तबकडीचा विचार गाणं बांधतानाच करायला हवा, अगदी उशिरा म्हणजे मिक्स करताना. तुमच्या हातात अजून वेळ आहे म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तबकडी कशी घडते ते आधी डोळ्यांसमोर आणा. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा गुळगुळीत थर दिलेला असतो. ती चकती फिरत असते आणि तापवलेली सुई गाण्याच्या कंपनांप्रमाणे तिच्यात खोबण कापत जाते. कापताना लॅकरचा केसासारखा धागा निघतो, तो शेजारची नळी ओढून घेते. मग या चकतीवर चांदीचा पातळ थर, त्यावर विजेच्या साहाय्याने निकेलचा जाड थर चढवतात. निकेल सोलून काढलं की उलटा साचा मिळतो, खोबणीच्या जागी उंचवटा. हा फादर. त्यावरून मदर आणि मदरवरून स्टँपर, म्हणजे प्रती दाबायचा साचा. दोन स्टँपरांच्या मध्ये गरम पीव्हीसीचा गोळा, त्याच्या खाली-वर कागदी लेबलं, आणि वरून दाब. लेबलाला गोंद लागत नाही, त्याच उष्णतेत आणि दाबात ते बसतं. म्हणून लेबलाचा कागद आधी भाजून कोरडा करतात. ओल राहिली तर फोड येतात.

यातली प्रत्येक पायरी धातूची आणि उष्णतेची आहे. कापताना चूक झाली की पुढे ती ३०० वेळा उमटते.

आता तुमची गाणी. मराठी गाणं पाच मिनिटं दहा सेकंदांचं आहे, कोंकणी चार मिनिटांचं. पंचेचाळीस फेऱ्यांच्या सात इंची तबकडीवर एका बाजूला साडेतीन ते चार मिनिटं सुखाने बसतात. पाच मिनिटं बसवता येतात, पण त्यासाठी खोबणी जवळजवळ कापाव्या लागतात, म्हणजे आवाज खाली आणावा लागतो, आणि आवाज खाली आला की तबकडीची स्वतःची खरखर वर येते. तेहेतीस फेऱ्यांवर जा असंही कुणी सुचवेल. जाऊ नका. सात इंचांत तेहेतीसचा वेग घेतला तर गिटारच्या तारेचा झणका मारला जातो, आणि उन्हाळी गाण्यात तो झणकाच ऊन असतो.

साडेतीन मिनिटांची भीती बाळगू नका. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली, ती साडेतीन मिनिटांचीच आहे. तासभर राग मांडणाऱ्या बाईंनी अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीच्या मापात भैरवी अशी बसवली की काही राहून गेलं असं वाटत नाही. तुमच्या मराठी गाण्यात सुरुवातीला चाळीस सेकंद समुद्राची गाज आहे. मोबाइलवर ती छान वाटते. तबकडीवर गाज आणि खोबणीची खरखर एकमेकांत मिसळतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं प्रत खराब आहे. ती काढून टाका. दुसऱ्या कडव्यानंतरचं गिटारचं आवर्तन एकदाच ठेवा. पावणेचारवर याल.

लांबीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाण्यात जोर कुठे आहे. सुई बाहेरून आत जाते. फेऱ्या मिनिटाला पंचेचाळीसच राहतात, पण आतलं वर्तुळ लहान. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळजवळ ४० सेंटिमीटर खोबण सरकते, लेबलाजवळ सुमारे २५. म्हणजे तेवढाच आवाज कमी जागेत कोंबायचा. आपल्या शिगम्याच्या गाण्यांची घडण नेमकी उलटी. नमन संथ, मग ठेका चढत जातो आणि शेवटी ढोल, ताशा, कासाळी (मोठे झांज) सगळं एकदम. तुमच्याही गाण्यात शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळेजण ओरडून गातात आणि कासाळी सतत वाजते. नेमकी तिथेच तबकडी सर्वांत गरीब असते. कळस काढा असं मी म्हणत नाही. कासाळीचा आवाज तिथे थोडा खाली घ्या, आणि चढ घुमट व गळ्यांनी दाखवा. मध्यम सप्तकातला आवाज आतल्या खोबणीतही टिकतो.

आता घुमट. यावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण माझा पहिला मोठा फटका तिथेच बसला.

घुमटाला दोन तोंडं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताच्या बोटांनी चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत घुमारा वळवायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं. त्यानंतर पुष्कळ तरुण पोरं घुमट घेऊन स्टुडिओत येऊ लागली, याचा मला फार आनंद आहे.

माझ्या पहिल्या सात इंचीच्या वेळी मी घुमटाला दोन माइक लावले. एक चामड्यासमोर, एक उघड्या तोंडापाशी. मिक्समध्ये पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे. हेडफोनवर घुमट डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटायचा. टेस्ट प्रेसिंग, म्हणजे मंजुरीसाठी आधी दाबलेल्या थोड्या प्रती, आलं, आणि दुसऱ्या कडव्यात पहिल्याच जोराच्या थापेला सुई उडाली. माझ्या चांगल्या प्लेअरवर एकदा उडाली, मित्राच्या पेटीवजा स्वस्त प्लेअरवर दर वेळी.

कारण असं. स्टीरिओ खोबणीच्या दोन भिंती असतात, प्रत्येक ४५ अंशांत तिरकी, एकीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. दोन्हीकडे सारखाच आवाज असेल तर सुई आडवी हलते. दोन्हीकडे उलट असेल, म्हणजे एकीकडे हवा ढकलली जात असताना दुसरीकडे ओढली जात असेल, तर सुई खाली-वर हलते. आता घुमटावर थाप पडते तेव्हा काय होतं ते बघा. चामडं आत जातं, म्हणजे चामड्यासमोरच्या माइककडून हवा मागे जाते. त्याच क्षणी उघड्या तोंडातून हवा बाहेर येते आणि दुसऱ्या माइकला ढकलते. दोन माइक एकमेकांच्या अगदी उलट. हा खालचा, जोरदार आवाज डावी-उजवीकडे वाटला की कापणारी सुई खोल-उथळ होऊ लागते, आणि एका क्षणी खोबण इतकी उथळ होते की ऐकणाऱ्याची सुई तिच्यातून बाहेर पडते.

उपाय सोपा आहे. दोनपैकी एका माइकचा फेज उलटा करा आणि मिक्स मोनोत, म्हणजे डावा-उजवा एकत्र करून, ऐका. फेज सरळ ठेवून आणि उलटा करून, ज्यात घुमटाचं पोट भरलेलं वाटेल ते बरोबर. मग साधारण १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मध्यभागी आणा. घुमट, बेस गिटार, ढोल, सगळं. कापणारा इंजिनिअर हे स्वतःही करतो, त्यासाठी त्याच्याकडे फिल्टर असतो. पण त्याने घुमट कधी पाहिलेला नसतो. त्याच्या लेखी ती एक त्रासदायक खालची कंपनं, आणि तो ती कापून मोकळा होतो. घुमटाचा घुमारा तुम्हाला हवा असेल तर तो तुम्हीच मध्यभागी बसवून पाठवा.

खालच्या आवाजाला जागाही जास्त लागते. म्हणूनच कापताना बेस दाबतात आणि तीव्र आवाज चढवतात, अगदी टोकांना सुमारे २० डेसिबलपर्यंत, आणि ऐकताना प्रीअॅम्प, म्हणजे सुईचा बारीक आवाज मोठा करणारं उपकरण, तेच उलटं करतो. याला आरआयएए वक्र म्हणतात. त्याचा एक परिणाम गायकांना कुणी सांगत नाही: कापताना 'स', 'श' आणि 'च' कित्येक पटींनी मोठे झालेले असतात.

आणि हा 'च' आपल्या भाषांचा खास आहे. मराठीत दोन 'च' आहेत. 'चिमणी' मधला टाळूचा, आणि 'चूल', 'चांदणं', 'चोच' यांतला दातांजवळचा, ज्यात 'त' ला लागून 'स' येतो. 'जाळं', 'झाड' यांतही तसंच. कोंकणीतही हे उच्चार आहेत. मला भेटलेल्या परदेशी इंजिनिअरांचा कान त्यांच्या 'स' ला सरावलेला असतो, तो कुठे येईल याचा त्यांना अंदाज असतो. आपल्या ओळीत दोन-तीन दंत्य 'च' लागोपाठ आले की ते सपाट्याने एकच फिल्टर सगळ्या गाण्यावर लावतात आणि बाईचा आवाज तोंडावर रुमाल धरल्यासारखा येतो. न लावला, तर स्वस्त प्लेअरच्या जाड सुईला ती बारीक वळणं पार करता येत नाहीत आणि 'चांदणं' म्हणताना पत्रा घासल्यासारखा आवाज होतो.

म्हणून हे काम घरीच करा, आणि हाताने करा. तुमच्या मराठी गाण्यात मी मोजले, ध्रुवपदात चार दंत्य 'च' आहेत. प्रत्येक जागी गळ्याच्या ट्रॅकवर जाऊन तेवढाच क्षण तीन-चार डेसिबल खाली घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. पुन्हा गाणार असाल तर आणखी सोपं: माइक तोंडाच्या रेषेपासून थोडा बाजूला, हनुवटीच्या उंचीवर ठेवा. 'च' ची हवा सरळ पुढे जाते, माइकला चाटून जाते.

मिक्सवर लिमिटर, म्हणजे आवाजाचे चढ दाबून सगळं एका पातळीवर आणणारा, लावलेला असेल तर काढा. तबकडीचा मोठेपणा कापताना ठरतो, फाइल किती ठासून भरली आहे यावर नव्हे. ठासलेली फाइल तबकडीवर उलट दबक्या आवाजाची आणि कंटाळवाणी वाटते.

कुठे छापायचं? झेक प्रजासत्ताकातल्या लोदेनित्सेचा जीझेड मीडिया हा जगातला सर्वांत मोठा कारखाना, आणि युरोपात लहान कारखानेही बरेच आहेत. आपल्याकडे एचएमव्हीच्या दमदम कारखान्याने पिढ्यान्‌पिढ्या तबकड्या दाबल्या, मग कॅसेट आणि सीडीपुढे ते थांबलं. २०२४ पासून मुंबईत पुन्हा तबकड्या दाबल्या जाऊ लागल्या आहेत. तुमच्या ३०० प्रतींसाठी मी आधी मुंबईला विचारेन. विमानाचं भाडं आणि सीमाशुल्क वाचतं, आणि गरज पडली तर रात्रीच्या बसने जाऊन समोर बसून ऐकता येतं. कोटेशन मागताना कापणं कुठे होतं ते आवर्जून विचारा. कापणं एका देशात आणि दाबणं दुसऱ्या देशात असं सर्रास होतं. लॅकर बनवणारा कॅलिफोर्नियातला मोठा कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला, तेव्हापासून त्या चकत्यांसाठी जग मुख्यतः एका जपानी उत्पादकावर विसंबून आहे. म्हणून कापण्याची तारीख आधी पक्की करा, बाकीचं मागून.

खर्चाचं गणित असं मांडा. कापणं, निकेल चढवणं, टेस्ट प्रेसिंग आणि लेबलाची छपाई यांचा खर्च १०० प्रतींना आणि ५०० प्रतींना जवळजवळ सारखाच. प्रतीमागे वाढतो तो फक्त पीव्हीसी, कव्हर आणि वाहतूक. त्यामुळे १०० प्रती काढणं सगळ्यांत महाग पडतं आणि ५०० काढण्याचा मोह होतो. तुमचा ३०० चा आकडा मला बरोबर वाटतो. त्यातल्या तीसेक वादक, गावकरी आणि वाचनालयांना द्यायच्या धरा, पंचवीस-तीस खराब निघतील असं धरा, आणि एका प्रतीची किंमत काढताना एकूण खर्चाला ३०० ने न भागता २०० ने भागा. दोनशे विकल्या की पैसे परत, पुढचं सगळं पुढच्या गाण्याला.

मर्यादित म्हणायचं तर ते खरं असू द्या. लहान संख्येसाठी मदर न बनवता फादरलाच स्टँपर करून वापरता येतो. स्वस्त पडतं आणि तो झिजला की पुन्हा त्याच कापणीतून प्रत निघत नाही. तुम्ही हेच सांगा. ज्याने क्रमांक घातलेली प्रत घेतली त्याचा विश्वास त्यात आहे.

टेस्ट प्रेसिंगच्या बहुधा पाच प्रती येतात. लोक एक ऐकतात, खूश होतात आणि मंजुरी पाठवतात. तसं करू नका. पाचही ऐका, दोन्ही बाजू, निदान तीन वेगळ्या प्लेअरवर, आणि त्यातला एक स्वस्तातला पेटीवजा असू द्या, कारण तुमच्या निम्म्या ग्राहकांकडे तोच असणार. कागदावर सेकंदांसकट टिपा. एका प्रतीत एक मिनिट वीसला टक्‌ झालं आणि दुसरीत नाही, तर दोष त्या प्रतीचा, सोडून द्या. दोन प्रतींत नेमक्या त्याच जागी टक्‌ झालं तर दोष साच्यात आहे, नवा साचा मागा, आणि न संकोचता मागा. मग टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीकडे, बाजूने बघा. तो प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे डुलत असेल तर मधलं भोक केंद्रावर नाही. गिटारमध्ये ते चटकन कळत नाही, पण लांबवलेल्या सुरात सूर हेलकावे खातो. तुमच्या कोंकणी गाण्याच्या शेवटी व्हायोलिनचा सहा-सात सेकंदांचा षड्ज आहे, तिथे कान लावा.

भोक लहानच मागा. पंचेचाळीसला दीड इंचाचं मोठं भोक असण्याची पद्धत १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ही तबकडी काढली तेव्हापासूनची आहे, पण आपल्याकडे घरोघरी ते भोक भरणारा अडॅप्टर नसतो. आणि लेबलावर ४५ हा आकडा ठळक छापा. तेहेतीसवर लावून "गाणं रडकं आहे" म्हणणारे मी पाहिले आहेत.

जुन्या गाजलेल्या गाण्याबद्दल स्पष्ट सांगतो, घेऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी खाली दुसऱ्याचं गाणं नव्याने गाऊन काढता येतं, मूळ ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटल्यावर. पण आगाऊ सूचना द्यावी लागते आणि रॉयल्टी निदान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने भरावी लागते. भाषेचा पसारा पाहून तो आकडा कमी करण्याची तरतूद आहे, तरी ३०० प्रतींसाठी हे पेलणारं नाही. हक्कधारकाशी थेट लेखी करार हा दुसरा मार्ग, त्यात महिने जातात. कवी-संगीतकाराचे हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतात, त्यामुळे आपल्याला "जुनं" वाटणारं बहुतेक सगळं अजून कुणाच्या तरी मालकीचं असतं. तुमची स्वतःची दोन गाणी आहेत. एका बाजूला मराठी, एका बाजूला कोंकणी. आपल्या घरात बोलणं कोंकणीत आणि आरती मराठीत, तशी ही तबकडी होईल. यापेक्षा गोव्याचं आणखी काय हवं?

पालुपदाचा प्रश्न मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो, जरी तुम्ही तो विचारलेला नाही. कायद्याच्या दृष्टीने ते पारंपरिक, कुणाचं नाही. लेबलावर "पारंपरिक" एवढं छापलं की सुटका होते. पण तुम्हाला ते पालुपद हवेतून मिळालेलं नाही. एका वाड्यावर, एका अंगणात, ठरावीक बायांनी तुम्हाला ते गाऊन दाखवलं, शब्द सुधारून दिले. त्यांची नावं लेबलावर घाला, त्यांना विचारून. वाड्याचं नाव घाला. पैसे द्या, आणि ते तबकडी विकल्यावर न देता आधी द्या. मुंबईच्या सिनेमासंगीतात गोव्याच्या कित्येक वादकांनी आणि संयोजकांनी आयुष्यं घातली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा अशी थोडी नावं आज लोकांना ठाऊक आहेत, बाकीच्यांची कुठल्याही लेबलावर सापडत नाहीत. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या गावच्या माणसांनी तरी ते दुसऱ्यांच्या बाबतीत घडू देऊ नये. लेबलाजवळच्या रिकाम्या पट्ट्यात कापणारा इंजिनिअर हाताने चार-सहा अक्षरं कोरून देतो. देवनागरीचा मोठा, स्वच्छ नमुना पाठवला तर तेही जमतं. वाड्याचं नाव तिथे कोरून घ्या.

रंग कोकमाचा पारदर्शक लाल घ्या असं सुचवेन. आजचं रंगीत पीव्हीसी काळ्याइतकंच शांत असतं. खरखर जास्त येते ती चित्र छापलेल्या तबकडीत. कव्हरवर नारळाची झाडं, स्कूटर आणि लाटा नकोत, ते पर्यटकांना विकायचं गोवा झालं. तुमच्या गाण्यात काजूचा नीरो (बोंडांचा रस) आहे, तुडवलेल्या बोंडांचा वास आहे. त्यातलं काहीतरी काढून घ्या, ओळखीच्या चित्रकाराकडून, दोन रंगांत.

वेळापत्रक उन्हाळ्यापासून मागे मोजा. मास्टर दिल्यापासून प्रती हातात यायला चार-पाच महिने धरा. शिगमो मार्चमध्ये, मानकुराद आंबा एप्रिलमध्ये. मे संपता संपता लोकांचं लक्ष आभाळाकडे आणि पुरुमेंताकडे, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीकडे, जातं, तेव्हा उन्हाळी गाणं घेऊन जाण्यात राम नाही. म्हणजे मास्टर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलंच पाहिजे. घुमट पुन्हा ध्वनिमुद्रित करणार असाल, आणि करावाच असं माझं म्हणणं आहे, तर चतुर्थीनंतर लगेच करा. सुवारीत, म्हणजे घुमट-कासाळीच्या सामूहिक वादनात, रात्ररात्र वाजवून हात तयार झालेला असतो, ठेका आपसूक बसतो. हवेत ओल असते म्हणून चामडं सैल पडतं, तेव्हा दर दोन टेकनंतर ते उन्हात किंवा निखाऱ्यासमोर धरून ताणून घ्या. बल्बसमोर ठेवलं तरी चालतं, फक्त सगळ्या टेकना सारखंच तापवा, नाहीतर जोडताना सूर हलेल.

आणि ऊन हे तबकडीचं वैरीही आहे. पीव्हीसी ६०-७० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडी तेवढी तापते. माझ्या एका कामाच्या ३०० प्रती वाहतूकदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार दिवस पडून राहिल्या, त्यातल्या ५२ बशीसारख्या वाकल्या. भरपाई मिळाली नाही. तेव्हापासून मी मालाची तारीख ऊन चढायच्या आधीचीच मागतो, आणि खोके आल्या दिवशी स्वतः जाऊन उचलतो. घरी उभे ठेवायचे, आडवे रचायचे नाहीत. पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी येते, म्हणून आतली पाकिटं प्लॅस्टिकचं अस्तर असलेली घ्या आणि राहिलेल्या प्रती भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

फाइल्स चोवीस बिटांच्या वेव्ह पाठवा, प्रत्येक बाजूची एकच फाइल, सोबत कागदावर लांबी, वेग आणि कुठला 'च' तुम्ही हाताने खाली घेतलाय त्याची वेळ. आणि त्या आधी, ऑक्टोबरातल्या एखाद्या संध्याकाळी, एक बरा स्पीकर घेऊन सत्तरीत त्या वाड्यावर जा आणि दोन्ही गाणी त्या बायांना ऐकवा. एखादा शब्द चुकला असेल, एखादी ओळ त्या वेगळी म्हणत असतील, तर त्या तिथल्या तिथे सांगतील, आणि तेव्हा ती अजून बदलता येईल.